न्यूझीलंडची बाकी

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

ही डायरी बिल्डरनं दिलेली. आमची रस्त्याकडची जमीन ज्यानं घेतली, त्यानं जानेवारीत काजूकतलीच्या डब्याबरोबर पाठवली. प्रत्येक पानाच्या तळाला छापलंय, 'निसर्गाच्या कुशीत तुमच्या स्वप्नातलं घर'. काजूकतली संपली, डायरी कोरी राहिली आणि ह्यांनी तिच्यावर चहाचं पातेलं ठेवायला सुरुवात केली. आज मी पातेलं उचलून बाजूला ठेवलं. रागानं लिहायचं असेल तर कागद तरी चांगला हवा.

राग मंडळाचा. काल देवळात मीटिंग झाली. हे इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि तोंड पाडून आले. नवी कमिटी आलीय, सगळी तिशीतली पोरं, प्रत्येकाकडे दोन-दोन फोन. त्यांनी ठराव केला की ज्या घराची देवीच्या लिलावाची बाकी घटस्थापनेच्या आत भरली जाणार नाही, त्या घराचा नवरात्रातला मान दुसऱ्या घराला द्यायचा.

"बाकी किती जणांची हाय?" मी विचारलं.

"चौघांची."

"आन् त्या चौघांत मान कुणाकुणाला हाय?"

"आपल्याला."

म्हणजे ठराव सगळ्या गावाला आणि लागू एका घराला. एकमतानं मंजूर झाला. ह्यांनीसुद्धा हात वर केला, कारण बाकीच्यांनी केला होता.

आमचा मान मातीचा. घटात धान्य पेरायला जी माती लागते ती आमच्या भातखाचरातून जाते, ह्यांच्या पणजोबांपासून. विकत विकत आता एकच खाचर उरलंय, ओढ्याकडचं, पण माती अजून आमचीच. ती टोपली डोक्यावरून देवळात नेली की हे पुढचं वर्षभर ताठ चालतात. मला स्वतःला मानाचं काही नाही. पण मला ह्यांचं तोंड रोज दोन्ही वेळा जेवताना समोर बघावं लागतं.

२० ऑगस्ट, बुधवार

बाकी कसली ते लिहायचं राहिलं. नारळाची.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवणावळ उठली की देवीपुढचा नारळ लिलावाला काढतात. पिरंगुटच्या बाजारात तीस रुपयांना मिळेल असाच नारळ असतो. जो जिंकेल त्यानं तो लाल फडक्यात बांधून घरात टांगायचा, आणि वर्षानं ज्याच्या नावावर घेतला त्यानंच स्वतःच्या हातानं उतरवून देवीपुढं वाढवायचा. पैसे लगेच दिले तर रोख, नाहीतर बाकी. बाकीवाल्यांची नावं पुढच्या वर्षी लिलावाआधी कर्ण्यावरून वाचतात. आमच्याकडे करमणूक कमी, म्हणून ही यादी ऐकायला लोक जेवण झाल्यावरही थांबतात.

तीन वर्षांपूर्वी आमच्या माऊलीचं न्यूझीलंडचं तिकीट झालं होतं, चार दिवसांवर विमान. अंगात वारं शिरलेलं. लिलावात समोर बहिरू. बहिरू म्हणजे आमचा शेजारी, जमीन विकून जेसीबी घेतला आणि तेव्हापासून स्वतःला उद्योजक म्हणवतो. बहिरू पाच म्हणाला की माऊली सहा. बहिरू दहा म्हणाला की माऊली अकरा. मी बायकांत बसले होते. तिथून मला माऊलीची पाठ दिसत होती आणि पाठीत खुपसलेलं ह्यांचं बोट. माऊली थांबला की बोट हलायचं. एकतीस हजारांवर बहिरू खाली बसला आणि ह्यांनी टाळ्या वाजवल्या.

"रोख का बाकी?" कुशाबा तात्यांनी विचारलं. ते ह्यांचे चुलते आणि मंडळाचे खजिनदार, कमिटी बदलली तरी वही त्यांच्याकडंच.

"बाकी. तिकडनं पाठवतो," माऊली म्हणाला.

नारळ घरात टांगायचा तर ह्यांनी तो पोराच्या बॅगेत भरला, देवीची सोबत म्हणून. पोरगा गेला, नारळ गेला, बाकी राहिली. दोन वर्षं तात्या कर्ण्यावरून वाचतायत, "माऊली जयसिंग शेडगे, न्यूझीलंड." गावातल्या पोरांना तो शब्द इतका आवडला की तात्यांनी नाव घेतलं रे घेतलं, सगळी एका सुरात ओरडतात, "न्यूझीलंड." मी त्या वेळी देवळामागं पातेली घासायला जाते. कर्णा तिथंही ऐकू येतो.

२४ ऑगस्ट, रविवार

माऊलीचा फोन. रविवारी येतो, म्हणजे मी मिस्ड कॉल दिला की येतो. हॅमिल्टन नावाच्या गावात गोदामात सुपरवायझर आहे. गाडी धुता धुता बोलत होता.

मी ठराव सांगितला. तो म्हणाला, "आई, असला लिलाव लीगल नसतो. काँट्रॅक्ट कुठंय?"

"देवीची सही राहिली बाबा घ्यायची."

"टोमणे नको ना."

"मग पैसे पाठव."

"अगं, आत्ता टाईट आहे. मी बघतो."

"तिकडनं नीट दिसतंय का?"

यावर त्यानं गाडीवर जोरात पाणी मारलं. मग म्हणाला, डिसेंबरमध्ये येतोच आहे, तेव्हा सगळं मिटवू. डिसेंबरमध्ये तो तीन वर्षं येतोच आहे.

मी ह्यांना म्हटलं, खोल्यांच्या भाड्यातून भरून टाकू या. कंपनीतल्या पोरांना खोल्या दिल्यात, महिन्याच्या महिन्याला पैसा येतो, तो काय लोणच्यात घालायचाय? हे म्हणाले, "नाव पोराचं हाय. बापानं भरली तर गाव म्हणंल, पोरगा गेला." मी म्हटलं, पोरगा गेलेलाच आहे, पासपोर्टवर शिक्का आहे. हे उठून ओट्यावर जाऊन बसले.

२८ ऑगस्ट, गुरुवार

मोनिकाचा फोन आला. काल गणपती बसले म्हणून काल केला नाही, असं तिनं आवर्जून सांगितलं. चांगल्या घरची आहे.

ही मोनिका बँकेच्या वसुलीवाली. माऊलीनं जायच्या आधी क्रेडिट कार्डावर बॅगा, बूट, जाड जाकीट आणि मित्रांना पार्टी असं सगळं घेतलं आणि कार्ड कपाटात ठेवून गेला. बँकेला दिलेल्या कागदांवर ओळखीचं म्हणून माझा नंबर. तेव्हापासून मोनिका आठवड्यातून एकदा तरी फोन करते. सुरुवातीला मला घाम फुटायचा. आता तिचा फोन यायच्या वेळेला मी भाजी निवडायला घेते.

"काकू, सरांशी काही बोलणं झालं का? नाहीतर पुढची कारवाई होईल."

"कर गं. पण आधी जेवून घे. आवाज बसलाय तुझा."

"दिवसभर बोलून बसतो हो. तुमचं बीपी कसंय?"

गोळी बदलली ते सांगितलं. माऊलीला ही गोळी बदललेली माहीत नाही. तिनं अळूवडीच्या पिठात चिंच किती घालायची ते विचारलं, ते सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "कॉल रेकॉर्ड होतोय काकू, म्हणून एकदा म्हणते, थकबाकी त्वरित भरावी." मी म्हटलं, म्हण बाई.

२ सप्टेंबर, मंगळवार

बहिरू आला. चप्पल न काढता दारात उभा राहिला, म्हणजे काम आहे.

"वयनी, तुमी माती खाचराच्या कुठल्या कोपऱ्यातनं काढता? बगून ठिवतो. ऐन टायमाला धावपळ नगं."

"माती आमच्या खाचरातली आन् मान तुमाला, असं ठरलंय का?"

"आता देवीला तीच माती लागती. आमी काय करनार? जेसीबी आणतो, तुमाला तरास न्हाई."

टोपलीभर मातीला जेसीबी. मी म्हटलं, आणा, आणि येताना डंपर पण आणा, टोपली कशात टाकणार? तो हसला. जाता जाता म्हणाला, "नारळाचं काय झालं वयनी? माऊली परदेशी गेला तवापास्नं देवीचा नारळ बी परदेशीच."

ह्यांनी आतून सगळं ऐकलं. नारळ माऊलीच्या हॉलमध्ये टांगलाय आणि तिथले गोरे लोकही चपला काढूनच आत येतात, असं हे गावभर सांगत असतात. दुपारी जेवले नाहीत. खाचराच्या बांधावर जाऊन बसले ते दिवेलागणीला आले, पायाला चिखल. भात छान निसवलंय, लोंब्या आल्यात म्हणाले, आणि तेवढंच. मला त्यांची कीव आली. तसं बोलले नाही, वाढून दिलं.

७ सप्टेंबर, रविवार

आज माऊलीला म्हटलं, पैसे नाही तर नाही, निदान नारळाचा फोटो पाठव. गावाला दाखवते.

तो म्हणाला, "आई, बाबांना सांगू नकोस. नारळ एअरपोर्टवरच गेला."

"कुटं गेला?"

"डस्टबिनमध्ये. इथं बाहेरचं खायचं काही आणलं तर आधी सांगावं लागतं. बाबांनी टॉवेलात गुंडाळला होता, मी म्हटलं कशाला सांगा. मशीनमध्ये दिसला. दंड झाला चारशे डॉलर."

"आन् तो भरलास?"

"तिथंच. लगेच. नाहीतर रेकॉर्ड खराब होतं."

म्हणजे तिकडच्या सरकारला नारळ टाकून द्यायचे पैसे उभ्या उभ्या दिले, आणि जिचा नारळ ती देवी तीन वर्षं थांबलीय. देवीनं दारात मशीन बसवायला हवं होतं.

ह्यांना सांगितलं नाही. गोरे लोक चपला काढतायत तर काढू देत.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पितृपंधरवडा. सासूबाईंचं पान ठेवलं. दर वर्षी तासभर ताटकळावं लागतं, आज कावळा लगेच शिवला. हे म्हणाले, आईचं काही राहिलं नाही आता आपल्याकडं. सुटली. मी म्हटलं, चला, निदान एका माणसाचा हिशोब मिटला.

१४ सप्टेंबर, रविवार

पिंकी बावधनहून आली होती. ही आमची थोरली, सासरी सुखी, इथं आली की मला शहाणपण शिकवते. पण आज तिच्यामुळं काम झालं. तिनं सांगितलं की यंदा कमिटी सगळा दसरा फोनवरून लाइव्ह दाखवणार. आरती, जेवणावळ, लिलाव, सगळं.

"आन् यादी?"

"यादी पण. तोच तर खरा कार्यक्रम आहे."

मी लगेच माऊलीला फोन लावला. मिस्ड कॉल नाही, अख्खा. म्हटलं, यंदा तुझं नाव आपल्या कर्ण्यावरून थेट तुझ्या हॅमिल्टनला ऐकू येणार, तुला त्रास नको म्हणून आधी सांगते. पोरं न्यूझीलंड म्हणून ओरडतात, तेही येईल.

"म्हणजे इथली लोकं पण बघणार?"

"देवी सगळीकडं असती बाबा."

तिथं त्यांचं मराठी मंडळ आहे आणि हा त्याचा सेक्रेटरी. गणपतीला फेटा बांधून फोटो काढतो. आपल्या गावच्या देवीची परंपरा यावर त्यानं तिकडं भाषणही केलंय, त्याचा व्हिडिओ ह्यांनी सगळ्या भाडेकरूंना दाखवला होता. भाषणात बाकीचा उल्लेख नव्हता.

"आई, दोन दिवस दे," म्हणाला. तीन वर्षांत जे देवीला जमलं नाही ते मोबाइलला जमलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

पैसे आले. मंडळाच्या खात्यात एकतीस हजार, पूर्ण. तात्या पावती घेऊन स्वतः घरी आले. पावती ह्यांच्या हातात दिली तर ह्यांनी ती उलटी धरून वाचली. हे नंतर म्हणाले, चष्मा नव्हता.

एवढंच नाही. त्यानं बँकेचं कार्डही फेडलं. म्हणे एकदाच सगळा निकाल लावून टाकू. मोनिकाचा फोन आला.

"काकू, अभिनंदन. तुमची फाइल बंद झाली. आता आमच्याकडून कॉल येणार नाही."

"अगं, मग अळूवड्यांचं काय झालं?"

"झाल्या छान. चिंच थोडी जास्त झाली." मग जरा थांबून म्हणाली, "गोळी वेळेवर घ्या काकू." आणि ठेवला.

माऊलीचा मेसेज इथं उतरवून ठेवते: 'आई, सगळं क्लिअर केलं. आता माझं तिकडं काहीही राहिलं नाही. फ्रेश स्टार्ट.'

काहीही राहिलं नाही. इतकं बरं वाटलं की मी दोनदा वाचलं. पोराला मार्गाला लावायला आईच लागते. ह्यांना वाचून दाखवलं, तर हे नुसतं हं म्हणाले आणि खाचराकडं गेले. ह्या माणसाला आनंद कसा करायचा ते कुणी शिकवलंच नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. काल हे सकाळी अंघोळ करून खाचरात उतरले, ओढ्याकडच्या कोपऱ्यातली माती काढली, निवडली, चाळली. आज टोपली डोक्यावर घेऊन देवळात गेले. पांढरा शर्ट, टोपी, पुढं हलगी. बहिरूच्या दारावरून जाताना चाल आपोआप हळू झाली. बहिरूनं हात जोडले. मातीला जोडले की ह्यांना, ते कळलं नाही, पण ह्यांनी ते स्वतःकडं घेतले.

मी मागून चालले होते. मान मोडेपर्यंत ताठ चालत होते. मला हसू आलं आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटला. ह्यांना सांगणार नाही.

काल रविवार होता. माऊलीला मिस्ड कॉल दिला होता. कामात असेल.

२८ सप्टेंबर, रविवार

आजही मिस्ड कॉल दिला. मग अख्खा दिला. मग पिंकीला लावायला सांगितला. तिचा घेतला. तिच्याच फोनवरून बोलले.

त्यानं तिकडं घर घेतलंय. बुक केलंय म्हणे, बँकेचं कर्ज काढून. तिथली बँक आधी सगळं तपासते, म्हणून इकडचं क्लिअर असलेलं बरं पडलं. मला म्हणाला, "तू मागं लागलीस ते बेस्ट झालं." हप्ता मोठा आहे, त्यामुळं डिसेंबरचं जमणार नाही.

"मग कवा?"

"बघू. आता तिकडं अर्जंट असं काही नाही ना?"

मी म्हटलं नाही, अर्जंट काही नाही. खरंच काही नव्हतं. सांगायला मी खूप शोधलं. ठराव मिटला, बँक मिटली, ह्यांची तब्येत बरी. गोळी बदलल्याचं सांगणार होते, पण त्याला दुसरा फोन येत होता.

मान राहिला, बाकी गेली, पोरगा घराचा मालक झाला. माझ्या मनासारखं सगळं झालंय. आज दिवसभर उगाच चिडचिड झाली, भाडेकरू पोरांना पाण्यावरून बोलले. उपवासानं पित्त झालं असणार.

मोनिकाचा नंबर अजून फोनमध्ये आहे. लावला तर लागत नाही, त्या नंबरवर आपल्याकडून फोन जात नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

जेवणावळ उठली. लापशी जरा करपली होती, कमिटी फोनमध्ये गुंतली होती. एका पोरानं काठीला फोन बांधून सगळीकडं फिरवला, लाइव्ह. मी यंदा पातेली घासायला गेले नाही. पदर नीट केला आणि बायकांत सगळ्यांच्या पुढं बसले. दोन वर्षं मागं बसून ऐकलं, आज पुढं बसून न ऐकायचं होतं.

तात्यांनी चष्मा लावला. कागद हातात धरतात, पण यादी त्यांना पाठ आहे. पहिलं नाव झालं, दुसरं झालं. मग ते थांबले. श्वास घेतला. हा माऊलीचा नंबर. मला दिसलं, पोरांनी सगळ्यांनी तोंडं उघडून ठेवली होती.

तात्या पुढचं नाव बोलले.

एक बारकं पोरगं तरीही ओरडलं, "न्यूझीलंड." त्याची बहीण त्याला म्हणाली, "ते न्हाई आता. ते मिटलं."

यादी संपली. कुणी माऊलीचं नाव काढलं नाही. कशाला काढतील? बाकी नाही, लग्न नाही, भांडण नाही. भगव्या मांडवात पाचशे माणूस बसलेलं आणि माझ्या पोराचा कुणाला काही संबंध उरला नव्हता. मला रडू आलं. का आलं ते कळलं नाही. शेजारणीनं विचारलं तर मी करपलेल्या लापशीचं नाव सांगितलं.

नारळ लिलावाला निघाला. बहिरू पाच हजारांनी सुरू झाला, मागून कुणीतरी सहा म्हणालं.

"दहा," असा आवाज आला. सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं, तेव्हा मला समजलं की तो माझा होता.

बायकांच्या बाजूनं आजवर कुणी बोली लावलेली नाही. काठीवरचा फोन माझ्याकडं वळला. बहिरू बारा म्हणाला, मी पंधरा. तो अठरा, मी वीस. हे पुरुषांतून उठून वाकून वाकून माझ्यामागं आले आणि पदर ओढायला लागले. "रत्ना, येडी झालीस का? बस खाली." तीन वर्षांपूर्वी बोट पुढं ढकलत होतं, आज पदर मागं. ह्या माणसाला लिलावात गप्प बसता येतच नाही.

"तीस," बहिरू म्हणाला.

"एकतीस."

बहिरूनं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या जेसीबीच्या पैशांत असे चार नारळ आले असते. मग तो खाली बसला आणि म्हणाला, "सोडला. वयनींचाच हाय तो."

तात्यांनी वही उघडली. "सूनबाई, नाव कुणाचं लिवू? जयसिंगाचं?"

"माऊली जयसिंग शेडगे," मी म्हटलं. "न्यूझीलंड."

पोरांनी मांडव डोक्यावर घेतला.

"रोख का बाकी?"

सकाळीच खोल्यांची भाडी जमा झाली होती. सगळी कमरेच्या पिशवीत होती, मला टोचत होती. मी पिशवीवर हात ठेवला.

"बाकी," मी म्हटलं.

तात्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत लावला. मग लिहिलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी फोन वाजला. रविवार नाही, मिस्ड कॉल नाही, त्याचा त्यानं केला.

"आई, तुला वेड लागलंय का? मी परवा सगळं क्लिअर केलं. इथं सगळे लाइव्ह बघत होते. हसले माझ्यावर."

"हसू दे."

"पैसे होते ना तुझ्याकडं? मग बाकी कशाला? आणि माझ्या नावावर कशाला?"

मी म्हटलं, तोंडातून गेलं. त्याला ते पटलं नाही. मलाही पटलेलं नाही, पण दुसरं उत्तर सापडत नाहीये. मग त्यानं विचारलं, वर्षानं नारळ उतरवायला कोण येणार, तो तर ज्याच्या नावावर त्यालाच उतरवावा लागतो. मी म्हटलं, ते लीगल आहे का बघ.

खूप भांडला. घराचा हप्ता, तिकीट, रजा, गावाची अक्कल, माझी अक्कल, सगळं काढलं. मध्येच त्याची कॉफी गार झाली, ती त्यानं परत गरम केली आणि पुन्हा भांडला. मी भाजी निवडायला घेतली. शेवटी दम लागल्यावर म्हणाला, "बीपी वाढलं नाही ना तुझं?" मी म्हटलं, गोळी बदललीय. कधी, म्हणाला. मग गोळीवर बोललो. इतका वेळ तो गेल्यापासून कधी बोलला नव्हता. फार बरं वाटलं.

दुपारी नारळ टांगला. ह्यांनी कालपासून माझ्याशी अबोला धरलाय, पण लाल फडकं स्वतः शोधून आणलं आणि गाठही स्वतःच मारली. स्वयंपाकघराच्या वाशाला सुतळी सोडून आपल्या हाताला येईल असा बांधला. मी तो सोडायला लावला आणि स्टूल दिलं.

"अजून वर? कशाला?" अबोला मोडून विचारलं.

"माऊलीचा हात पुरंल तितका."

ह्यांनी स्टूल पायानं हलवून बघितलं. स्टुलावर चढले आणि वीतभर वर बांधला.